मुक्या घंटांचे गुरुवार

दोन वर्षं विदरसेटच्या चर्चमधल्या घंटा दर गुरुवारी फिरायच्या आणि गावात कुणालाही ऐकू यायच्या नाहीत. हुकूमच तसा होता. लढाई चालू होती; जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरलं तरच घंटा वाजवायची, एरवी नाही. म्हणून कप्तान झेकने धापा टाकत वर चढून सहाही घंटांचे लोलक जुन्या दोरांनी आणि गोणपाटाने करकचून आवळून टाकले होते. खाली दोर ओढला की वर घंटा पूर्ण गिरकी घ्यायची, तिचं लाकडी चाक करकरायचं, अख्खा मनोरा भरतीच्या पाण्यातल्या होडीसारखा जरासा डुलायचा, आणि आवाज म्हणाल तर नाही.

झेक हा घंटा ओढणाऱ्यांचा कप्तान. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्याची माणसं एकेक करून लढाईवर गेली आणि दोर नुसते लोंबकळत राहिले, तेव्हा पाद्रीबाबांनी बायकांचं नाव काढलं. झेक उसळला होता. "बायका? घंटेचा दोर म्हणजे काय खिडकीचा पडदा आहे ओढायला?" पण दोर कुजू द्यायचे नव्हते, म्हणून कुरकुरत का होईना तो शिकवायला लागला. पुढे त्याचंच मन रमलं.

"सहा बायका एका खोलीत, आणि चूं नाही की चां नाही," तो म्हणायचा. "देवा, हे बघायलाच मला जिवंत ठेवलंस होय!"

"आता बघून झालं ना, कप्तान? मग जायला हरकत नाही," पहिल्या दोरावरची ऑलिव्ह म्हणायची. ती गावात टपाल वाटायची आणि दारोदार बोलून तिची जीभ कप्तानाच्या तोडीची झाली होती.

सहाव्या दोरावर थर्झा कॅचपोल होती. सहावी घंटा सगळ्यांत मोठी आणि जड. थर्झा लोकांचे कपडे धुवायची; ओल्या चादरी पिळून पिळून तिचे दंड लोहाराला शोभतील असे झाले होते. ते बघूनच कप्तानाने तिला सहावी दिली. आई गेल्यापासून ती एकटी राहत होती. लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

पाचव्या दोरावर नेस्टा प्राइस. ती वेल्सच्या डोंगरातली. लढाईच्या दिवसांत शेतावर कामाला बायका पाठवत होते, त्यांत ती सात मैलांवरच्या हॉगेटच्या शेतावर आली होती. गाई दोहायची, बीट उपटायची, नांगराच्या घोड्यांना वेल्श भाषेत शिव्या द्यायची. गुरुवारी सायकल मारत मनोऱ्यापाशी यायची, ती चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली आणि वाटेत गाऊन गाऊन गाल लाल झालेले.

आता घंटा वाजवायची रीत अशी. लहान घंटा आधी, मग तिच्यापेक्षा मोठी, असं करत सहावीपर्यंत यायचं आणि पुन्हा पहिलीपासून. प्रत्येकीने आपल्या आधीच्या घंटेमागे लागलीच जायचं. आवाज नसेल तर ते कळणार कसं? आधीच्या बाईच्या हातांकडे बघून. तिचे हात खाली आले की आपले खाली. म्हणजे थर्झाचं काम एकच होतं, नेस्टाच्या हातांकडे बघत राहायचं.

दोन वर्षांत तिला ते हात स्वतःच्या हातांपेक्षा ओळखीचे झाले. थंडीने फुटलेली बोटं, कोयत्याचा व्रण असलेला अंगठा, दोराला गुंडाळलेल्या लोकरी मुठीवर बोटं आधी अलगद टेकायची आणि मग आवळायची ती लकब. कुणी विचारलं असतं, बाई गं, तू तासभर तिच्याकडे का बघतेस, तर थर्झाकडे सरळ उत्तर होतं. नियमच तसा आहे. पण सोमवारी चादरी उकळताना, मंगळवारी इस्त्री करताना तेच हात डोळ्यांसमोर का येतात, ह्याला उत्तर नव्हतं. ह्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं, आणि हे विचारण्यासारखं माणूस गावात नव्हतं.

सराव झाला की नेस्टा तिच्याकडे चहाला थांबायची. भाजलेला बटाटा, त्यावर चरबीचा एक चमचा, साखर नसलेला चहा. तासाभराने काळोखात सायकल घेऊन निघायची. आठवड्यात मिळायचा तो एवढाच वेळ, आणि तोही हॉगेट चर्चला जाणारा माणूस होता म्हणून. घंटांचं काम म्हणजे देवाचं काम, असं म्हणून तो गुरुवारी तिला सोडायचा. दुसऱ्या कशासाठी त्याने सोडलं नसतं.

आणि मग नोव्हेंबरात रेडिओवर बातमी आली. वाळवंटातली मोठी लढाई जिंकली होती. येत्या रविवारी सकाळी देशभरात घंटा वाजवायच्या. फक्त त्या सकाळी; दुपारनंतर पुन्हा लोलक बांधायचे.

गुरुवारी सगळ्याजणी जमल्या तर चर्चचे कारभारी लार्टरसाहेब आधीच येऊन उभे. लांब कोट, हातात टोपी, आणि अवघड बोलणं सोपं करून सांगायची मुळीच सवय नाही.

"रविवारी अख्खा गाव ऐकणार आहे," ते म्हणाले. "मी क्रॉकफर्डच्या घंटेवाल्यांना बोलावलंय."

"क्रॉकफर्डचे?" कप्तान उडालाच. "त्या सहाजणांत मिळून धड पाय सात नाहीत, साहेब!"

"पण त्यांनी घंटा वाजवलेल्या आहेत. ह्यांनी फिरवलेल्या आहेत. त्यात फरक आहे, झेक."

चौथ्या दोरावरची मिसेस गॅरड, खाटकाची बायको, हाताची घडी घालून म्हणाली, "मग आम्ही दोन वर्षं इथे काय केलं? दोर वाळत घातले?"

लार्टरसाहेबांनी टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली. शेवटी ठरलं ते असं. बायकांनी सुरुवात करायची. नीट वाजलं तर दोर त्यांचे, लढाई संपेपर्यंत. गोंधळ झाला तर त्यांनी खाली उतरायचं, क्रॉकफर्डच्या माणसांनी वर जायचं, आणि पुढचे गुरुवारही त्यांचेच.

त्या संध्याकाळी थर्झाकडे बटाटा दोघींनाही गोड लागला नाही.

"गोंधळ झाला तर हॉगेट मला सोडायचा नाही," नेस्टा म्हणाली. "देवाच्या कामाला सोडतो तो. थर्झाकडे चहा ढोसायला सोडेल होय?" ती हसली. थर्झा हसली नाही. तिच्या मनात वाक्य तयार होतं, तू येणार नसशील तर मी गुरुवारी काय करू. तोंडातून आलं ते असं, "अजून एक बटाटा घे."

"तुझी भीती मला कळते गं," नेस्टा कप खाली ठेवत म्हणाली. "तू बोलत नाहीस तेव्हा जास्त खायला घालतेस."

शनिवारी दुपारी लोलक सोडायला थर्झा वर गेली. कप्तानाचे गुडघे शिडीपाशीच थांबले. तो खालून सूचना ओरडत होता. वर झरोक्यांतून करडा उजेड येत होता, कबुतरांची पिसं पडली होती, आणि सहा घंटा तोंडं खाली करून टांगलेल्या होत्या. दोन वर्षं ती ह्यांना ओढत होती आणि जवळून बघत होती पहिल्यांदाच. सहावीच्या पोटात तिला वाकून शिरावं लागलं. आत काळोख आणि थंड धातूचा वास. तिने गाठी सोडल्या, गोणपाट काढलं, तसा तिच्या दंडाएवढा लोलक हलला आणि घंटेच्या भिंतीला लागायला निघाला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि श्वास रोखला. उद्याच्या आधी एक टोलासुद्धा पडता कामा नये, असा हुकूम होता.

तो स्थिर झाल्यावर ती हळूच म्हणाली, "नेस्टा."

चारी बाजूंनी ते नाव परत आलं. मोठं नाही, उलट तिच्या आवाजाहून बारीक. पण ते संपेना. धातूत कुठेतरी आत शिरून ते फिरत राहिलं, जणू घंटेला ते ठेवून घ्यायचं होतं. थर्झा तिथेच उकिडवी बसून राहिली, चर्चमध्ये कधी बसली नव्हती इतकी गुमान.

"काय म्हणालीस?" खालून कप्तान ओरडला.

"काही नाही. कबुतरं आहेत!"

रविवारी उजाडलं ते धुक्यात. सकाळी गाव चर्चच्या आवारात येऊन उभं राहिलं. म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. कुंपणाच्या भिंतीवर क्रॉकफर्डचे सहा म्हातारे काठ्यांवर हनुवट्या टेकून बसले होते आणि आपसांत काहीतरी बोलून मिशीत हसत होते. वर दोरांच्या खोलीत सहाजणी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. दुसरी-तिसरीवरच्या डायबॉल बहिणींनी एकमेकींच्या कॉलरी नीट केल्या. नेस्टाने बाह्या वर सारल्या. लार्टरसाहेब दारात उभे.

"सांभाळा गं पोरींनो," कप्तान म्हणाला. "पहिली निघाली... गेली!"

ऑलिव्हचा दोर खाली आला.

आवाज वरून येईल असं थर्झाला वाटलं होतं. तो पायांखालून आला. आधी फरशी थरथरली, मग भिंत, मग हातातला दोर, आणि त्यानंतर कुठे कानांना कळलं की घंटा बोलली. दुसरी बोलली. तिसरी, चौथी. थर्झाचं तोंड उघडंच राहिलं. ती लहानपणापासून ह्या घंटा ऐकत आली होती, शेतांपलीकडून, रविवारच्या भाकरीसारख्या नेहमीच्या. त्या एवढ्या असतात हे तिला माहीत नव्हतं. नेस्टाचे हात खाली आले, पाचवी बोलली, आणि थर्झाने दोन वर्षांच्या सवयीने अगदी वेळेवर दोर ओढला.

काहीच झालं नाही.

मग झालं. सहावी बोलली, पण उशिरा, दुसऱ्या फेरीतल्या पहिलीच्या अंगावर जाऊन आदळली. पुढच्या फेरीत तेच. पहिलीवरची ऑलिव्ह बिचकली, तिच्यामागे दुसरी चुकली, आणि बघता बघता जिन्यावरून भांडी गडगडत यावीत तसा कल्लोळ सुरू झाला. खाली भिंतीवरचे म्हातारे उठून उभे राहिले असणार. दारातल्या लार्टरसाहेबांनी टोपी डोक्यावर घातली.

कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मीच गाढव!" तो ओरडला. "सहावी उशिरा बोलते! माझ्या बापाच्या वेळेपासून उशिरा बोलते! थर्झा, हातांची वाट बघू नको, आधी ओढ!"

गोष्ट एवढीशी होती. मोठी घंटा ओढल्यावर तिचा लोलक भिंतीला लागायला जरा वेळ घेतो, आणि ही तर जास्तच आळशी. गावातला प्रत्येक घंटेवाला ते ऐकून ऐकून शिकला होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून कप्तानालाही सांगायचं सुचलं नव्हतं. मुक्या घंटांवर शिकलेल्या बायकांचे दोर एका ओळीत यायचे आणि आवाज भलतीकडेच जायचे.

आधी ओढ. थर्झाने आधी ओढायचं ठरवलं. पण डोळे नेस्टाच्या हातांवर होते, आणि ते हात जोवर वर होते तोवर तिचे हात खाली यायलाच तयार नव्हते. पुन्हा उशीर. पुन्हा आदळणं. लार्टरसाहेब जिन्याकडे वळले.

"माझ्याकडे बघू नकोस!" नेस्टा ओरडली.

ते शब्द थर्झाच्या वर्मी लागले. जणू दोन वर्षांची चोरी सगळ्यांसमोर पकडली गेली. तिचा चेहरा पेटला.

"थर्झा, ऐकतेस ना? मी इथे नाही! मी वर आहे! वर ऐक!"

थर्झाने डोळे मिटले.

"उघड डोळे, बाई!" कप्तान किंचाळला. "दोर छताला घेऊन जाईल तुला!" आणि ते खरंच होतं. पण डोळे उघडे असते तर तिने त्या हातांकडेच बघितलं असतं. तेवढं सोडायची ताकद तिच्यात दुसऱ्या कुठल्याच रीतीने नव्हती. काळोखात ती उभी राहिली. सगळीकडे घंटाच घंटा. त्यांतली कुठली कुणाची हे आधी कळेना. मग त्या गर्दीतून एक वेगळी झाली. जराशी घोगरी, उबदार, टोल पडल्यावर शेवटी किंचित वर उचलली जाणारी, एखादी बाई वाक्य संपवता संपवता हसावी तशी. थर्झाला कुणी सांगावं लागलं नाही. ही पाचवी. ही ती.

हात ओळखीचे होते, पण हे हातांच्या पलीकडचं होतं. हे कुणाचं होऊ शकत होतं तर फक्त नेस्टाचं, आणि ते एवढं मोठं होतं की त्यात सगळं गाव मावलं असतं. थर्झाने त्याच्या कडेला आपली जागा शोधली. दोर ओढला, फार आधी ओढल्यासारखा वाटला, मन म्हणालं चुकलीस, आणि वर त्या आळशी घंटेने आपला वेळ घेतला आणि नेस्टाच्या मागे, अगदी तिच्या मागे, पाऊल टाकलं.

कप्तानाचं ओरडणं थांबलं. त्यावरूनच तिला कळलं.

पुढची फेरी. पुन्हा बरोबर. ऑलिव्ह सावरली, बहिणी सावरल्या, मिसेस गॅरडने दात आवळून आपली घंटा जागेवर आणली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. टेकडीवरून कुणी सावकाश उतरत यावं तसे टोल उतरू लागले, आणि खाली पोचले की पुन्हा वर निघायचे.

बाहेर काय झालं ते तिला नंतर लोकांनी सांगितलं. एल्मच्या झाडांवरचे कावळे एकदम उठले आणि मनोऱ्याभोवती फिरत राहिले. नांगर नसलेल्या रविवारच्या शेतात घोडे मान वर करून उभे राहिले. दोन मुलगे लढाईत गेल्यापासून घराबाहेर न पडलेली म्हातारी ब्रॅग एप्रनवरच फाटकापर्यंत आली आणि फाटक धरून उभी राहिली.

थर्झाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आपण दोघी, ती पाचवी आणि मी सहावी, गावाच्या डोक्यावर उघड्या आभाळात एकामागे एक चाललो आहोत. जे तिने कधी स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं ते मैलोन् मैल ऐकू जात होतं, पाद्रीबाबांना, हॉगेटला, कुंपणावरच्या म्हाताऱ्यांना, आणि कुणी त्याला नावं ठेवत नव्हतं. माणसं टोप्या काढून ते ऐकत होती. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामे नव्हते.

"थांबा!" कप्तान म्हणाला.

एकेक घंटा वर जाऊन थांबली. सहावी सगळ्यांत शेवटी. तिचा नाद मात्र थांबला नाही. तो छपरात, दगडांत, त्यांच्या दातांत बराच वेळ गुणगुणत राहिला.

जिन्यावर काठी वाजली. क्रॉकफर्डचा सगळ्यांत म्हातारा घंटेवाला एवढ्या पायऱ्या चढून आला होता. दाराला धरून त्याने आधी श्वास घेतला.

"त्या सहावीवर कोण होतं?"

"मी," थर्झा म्हणाली.

त्याने तिच्या दंडांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "अवघड बाई आहे ती," तो घंटेविषयी म्हणाला, आणि टोपी काढून उतरायला लागला. त्याच्यामागे लार्टरसाहेब घसा खाकरून म्हणाले, "गुरुवारी किल्ली नेहमीच्या जागी असेल." एवढं म्हणून तेही गेले. ते गेल्यावर कप्तान खाली बाकावर बसला आणि रुमालात तोंड घालून पोरासारखा रडला, आणि मिसेस गॅरडने त्याच्या पाठीवर इतक्या जोरात थापट्या मारल्या की तो खोकायला लागला.

आवारात लोक थर्झाचे हात धरून हलवत होते, काहीतरी बोलत होते. तिला नीट ऐकू येत नव्हतं. नेस्टा भिंतीला टेकवलेली सायकल काढत होती. गाई काही जिंकलेल्या लढाईसाठी थांबणार नव्हत्या. थर्झा गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली.

"जिंकलो," नेस्टा म्हणाली. "आता गुरुवारी भेटू."

"गुरुवारी नको," थर्झा म्हणाली.

नेस्टाने सायकल थांबवली. "का?"

"म्हणजे गुरुवारी येच. पण आज पण ये. संध्याकाळी."

"आज काय आहे?"

"काही नाही. घंटा नाही, सराव नाही. काही नसतानाच ये." थर्झाने सायकलचं हँडल धरलं. "मला गुरुवारपर्यंत धीर नाही, नेस्टा. पुढच्याही नाही. कधीच नव्हता."

पाचवीचा टोल शेवटी जसा किंचित वर उचलला जायचा, तसं काहीतरी नेस्टाच्या चेहऱ्यावर झालं.

"सात मैल आहेत गं. जायचे आणि यायचे. आणि हॉगेट विचारेल, चर्चचं काम नाही तर कशाला चाललीस. काय सांगू?"

"ते तू बघ. मला खोटं बोलता येत नाही."

"मग खरंच सांगते," नेस्टा म्हणाली, आणि पायडलवर पाय ठेवला.

थर्झा फाटकापर्यंत गेली. धुकं विरत होतं. रस्त्याच्या वळणावर नेस्टाने मागे न बघता एक हात वर केला, आणि वेल्शमध्ये काहीतरी मोठ्याने गात ती उतारावरून खाली गेली. थर्झाला त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. ती उभी राहून ऐकत राहिली, अगदी ऐकू येईनासं होईपर्यंत, आणि मग घरी जाऊन चुलीत जाळ घातला.